चार काटे आणि मेहुणा

१ जानेवारी, गुरुवार.
नवं वर्ष, संकल्प एकच. फारूकभाईंचं तोंड बंद करायचं. माझ्या बायकोचे, शहजादीचे, थोरले भाऊ, बल्लारशाला जन्मभर रेल्वेत पॉइंट्समन. परवा लग्नाच्या जेवणात सगळ्या पंगतीसमोर म्हणाले, "मुबीनले पंपाची मोटर बांधता येते, बस. काटा कसा बदलते ते त्याले काय समजते!" पंगत हसली. मला अजून संताप येतोय.

नागपूरहून खेळण्यातली रेल्वे आणली. सेलवरचं इंजिन, डबे, रूळ आणि चार काटे. काटा म्हणजे जिथे एका रुळाचे दोन होतात ती जागा. प्रत्येक काट्याला बारकी मोटर लावायची. इकडे बटन दाबलं की तिकडे काटा बदलणार. १८ तारखेला फारूकभाई जेवायला येतायत. तोंडून 'वा' निघाल्याशिवाय रस्सा मिळणार नाही.

४ जानेवारी.
दिवाणावर प्लायवूड टाकून रूळ बसवले. आता झोपायचं कुठे, हा शहजादीचा प्रश्न. मोठ्या कामात असले प्रश्न येतातच. काट्याची मोटर उघडली. आत नुसत्या दोन कॉइल, तांब्याच्या तारेची वेटोळी! हसू आलं. पोंभुर्ण्यात पाच हॉर्सपॉवरच्या मोटरी कोण बांधतं? मी. सोबतचं पत्रक वाचलं नाही.

७ जानेवारी, दुपार.
वायरिंग पूर्ण. वीज घरच्या प्लगमधून, अॅडॉप्टर लावून. पंख्याला असतात तसले पांढरे स्विच लावले. दणकट. पहिला टाकला. खट्! काटा बदलला. डोळ्यांत पाणी आलं. चहा पिऊन परत येतो तर धूर. कॉइल जळाली. भिकार माल! नागपूरच्या दुकानदाराला फोन करून नको नको ते बोललो. तो वर मलाच विचारतो, स्विच कोणता लावला. फोन कापला.

९ जानेवारी.
दुसरी कॉइल गेली. कारण व्होल्टेज. शहजादीने पत्रक मोबाइलवर मराठीत करून वाचलं. म्हणे, "दाबून लगेच सोडाचं हाय, असं लिवलं हाय इथी. चालू ठेवाचं नाई." मी म्हटलं, ही काय दारावरची घंटी आहे? मोटर चालू ठेवायची नाही तर काय तिचं लोणचं घालायचं? पंप रात्रभर चालतो तेव्हा धान होतं! पत्रक फाडून टाकलं. मग बरं वाटलं.

१२ जानेवारी.
तिसरी. त्यात गिऱ्हाईक मुखरूभाऊ माझ्या दुकानात हजर. त्यांच्या पंपाची मोटर पडून आहे. "कवा होते भाऊ? वावर सुकून राह्यलं." मी म्हटलं, तुमची एक जळाली, माझ्या तीन जळाल्या. तर परत तेच, "कवा होते?" लोकांना दुसऱ्याचं दुःख दिसतच नाही.

१५ जानेवारी.
सापडलं! तार बारीक होती. सगळ्या कॉइल मी स्वतः जाड तारेने बांधल्या. संध्याकाळी टेस्टिंग. कॉइल शाबूत. अॅडॉप्टर जळाला. म्हणजे माझ्या कामात खोट नाही. उद्या मोठा अॅडॉप्टर.

१७ जानेवारी.
सगळं जोडून तयार. टेस्टिंग करणार नाही, नजर लागते. शहजादी म्हणाली, एकदा पाहून तर घ्या. नवऱ्यावर विश्वास नाही, भावावर आहे! रागाने जेवलो नाही.
नंतर थोडं जेवलो.

१८ जानेवारी, रविवार.
दुपारी फारूकभाई आले. खुर्ची ओढून बसले. मी इंजिन सोडलं, म्हटलं, पाहा आता. स्विच टाकला. फाट्! अख्ख्या घराची लाइट गेली. मी फ्यूज बांधायला धावलो. परत आलो तर बहीणभाऊ दिवाणाला चिकटलेले. फारूकभाई एका बोटाने काटा सरकवतायत, सेलवरची गाडी या रुळावरून त्या रुळावर जातेय, शहजादी टाळ्या पिटतेय.

"अरे मुबीन, हे तं बोटानंच सरकते!"

रस्सा गार झाला तरी उठेनात. 'वा' म्हणाले. खूप वेळा म्हणाले. गाडीला.

निघताना माझ्या खांद्यावर हात ठेवला. "मस्त आहे तुही गाडी. तेवढ्या वायरी काढून टाक, हाताले अडकते."

उद्या वायरी काढणार. त्यांनी सांगितलं म्हणून नाही. माझं आधीच ठरलं होतं.