जुना शिक्का आणि मुक्ताची खोली

आप्पा,

साष्टांग नमस्कार नंतर. आधी मला तुमच्याशी भांडायचंय. तुम्ही होतात तेव्हा सुनेला जेवढं बोलता येतं तेवढंच बोलले. आता उलट उत्तर द्यायला तुम्ही नाही, म्हणून हे पत्र.

काल माझा नवा शिक्का आला. नोटरीची मुदत वाढवून मिळाली. तुम्ही रोज विचारायचात ना, "आला का गं दिल्लीचा कागद?" आला, आप्पा. तुम्ही गेल्यावर आला. शिक्क्यावर नाव तेच, नंबर तोच, फक्त मुदतीची तारीख नवी. चाकणचा शिक्केवाला म्हणाला, मॅडम, लाकडी मूठ आता कुणी मागत नाही, हा घ्या, दाबला की शाई आपोआप. घेतला. या नव्या शिक्क्यानं मी पहिला कागद केला तो कंपनीत लागणाऱ्या एका पोराचा. शिक्का इतका हलका, की उमटला की नाही ते वाकून बघावं लागलं.

तुम्ही कसा मारायचात! शेत गेलं, बैल गेले, घरात बसून करमेना म्हणून माझ्या स्कुटीवर मागं बसून कुरुळीहून चाकणला यायचात. मी सही करायची, तुम्ही शिक्का मारायचा. आधी फुंकर, मग शाई, मग सगळं अंग टाकून दाबायचं. टेबल हलायचं. मी म्हणायचे, आप्पा, कागद आहे, खुंटी नाही ठोकायची. तुम्ही म्हणायचात, "उमटाया नगं व्हय?" खंडेनवमीला कोयता, विळा, पहार यांच्या रांगेत माझा शिक्काही मांडायचात, हळदकुंकू लावून. दसऱ्यानंतरच्या पहिल्या कागदावर हमखास पिवळा डाग यायचा. मला हसू आवरायचं नाही आणि तुम्हाला त्यात हसण्यासारखं काय आहे ते कळायचं नाही.

पण त्या शिक्क्यानंच तुम्हाला बिघडवलं. शिक्का घरचाच हाय, हे तुमचं पालुपद झालं. कुणाचं काही करायचं असलं की करू, सावकाश करू, शिक्का घरचाच हाय!

मुक्ताचं तसंच केलंत ना?

मुक्ता आपल्या चाळीत आली ती बीडकडून, नवऱ्याबरोबर. तो कंपनीत होता. तो वारला तरी ती गावाकडं गेली नाही, खोलीचं भाडं देत राहिली. आई अंथरुणाला खिळल्या तेव्हा मी चाकणला नोटरीच्या टेबलावर, तुमचे दोन्ही लेक कामावर. आईंना भरवणं, कूस बदलून देणं, सगळं, अगदी सगळं तिनं केलं. आईंचं तेरावं झाल्यावर ओट्यावर बसून तुम्ही तिला म्हणालात, "मुक्ते, ही खोली तुझी. माझ्यामागं तुला कुनी उठवायचा न्हाई." मी तिथंच उभी होते. हातात चहाचे कप होते.

मग तुम्ही स्टँप पेपर आणलात, कुणाकडून तरी बक्षीसपत्र लिहून घेतलंत, मी कामावर असताना घरी बसून सही ठोकलीत आणि कागद तिच्या हातात दिलात. शिक्का तेवढा राहिलाय म्हणालात. मी किती डोकं फोडलं! नोटरीनं खोली नावावर होत नाही, रजिस्ट्री ऑफिसात जाऊन नोंद करावी लागते. शिवाय घरच्या माणसाचा कागद मी करू नये. तुम्ही ऐकलंत का? करू की, पळून चाललाय व्हय शिक्का, म्हणून हसलात. आणि एका सकाळी दात घासता घासता मोरीतच बसलात, ते उठलाच नाहीत. असं कुणी जातं का, आप्पा?

आता तुमच्या चिरंजीवांचं ऐका. धाकट्या भाऊजींनी बिल्डर आणलाय. चाळ पाडायची, इमारत उभी करायची. भाडेकऱ्यांना महिनाअखेरीस खोल्या रिकाम्या करायला सांगितलंय. मुक्तालाही. मी यांना विचारलं, आप्पांच्या शब्दाचं काय? हे मोबाइलमधून मान वर न करता म्हणाले, आप्पा भावनेच्या भरात बोलले असतील, शिक्का मारलेला कागद आहे का?

आज दुपारी मुक्ता माझ्या टेबलाशी आली. पिशवीतून तुमचा कागद काढला. टेबलावरचा नवा शिक्का बघितला आणि हळू म्हणाली, "वहिनी, जुना शिक्का हाय का अजून? आप्पाची सही खरी हाय. तारीख बी तव्हाची हाय. तुमी निस्ता शिक्का मारा."

तिचं चुकत नव्हतं हो. त्या तारखेला जुन्या शिक्क्याची मुदत चालू होती, कुणाला काही कळलं नसतं. आणि कायदा काहीही म्हणो, आपल्या पट्ट्यात गुंठा गुंठा जमीन नोटरीवर विकली जाते. गोल शिक्का दिसला की बिल्डरचा माणूससुद्धा जरा सबुरीनं बोलतो. सही तुमची, इच्छा तुमची. खोटं एकच होतं, की तुम्ही त्या दिवशी माझ्यासमोर उभे राहून सही केलीत.

नवा शिक्का आला की जुना निकामी करायचा असतो, कुणाच्या हाती लागू नये म्हणून. माझ्याच्यानं झालं नव्हतं. मूठ तुमच्या हातानं गुळगुळीत झालेली, कशी मोडू? ड्रॉवरमध्ये ठेवला होता. तो काढला. शाईची डबीही उघडली. देवाशपथ सांगते आप्पा, मारणार होते. मग मनात आलं, परवा भाऊजीही एखादा कागद घेऊन येतील. तोही जुन्या तारखेचाच असेल. त्यांना मी कुठल्या तोंडानं नाही म्हणू?

कात्री घेतली आणि मुक्तासमोर शिक्क्याचं रबर कापलं. बारीक तुकडे होईपर्यंत कापत राहिले.

ती रडली नाही, भांडलीही नाही. खाली पडलेले तुकडे वेचून तिनं टेबलावर ठेवले. म्हणाली, "बरं केलं वहिनी. शिक्का हाय म्हणून मी रोज मागाय आले असते." कागदाची घडी घातली आणि कुरुळीची रिक्षा बघायला गेली. मला तिला थांब म्हणायचं होतं. थांबवून देणार काय होते?

दिवसभर मी लोकांचे कागद खरे म्हणून शिक्के मारते आणि घरातलं एक खरं मला खरं ठरवता येत नाही. तुम्ही असता तर विचारलं असतं, मी काय करायला हवं होतं? तुम्हाला राग आला असेल तर येऊ दे. मलाही तुमचा आलाय, फार आलाय.

उद्या मी माझ्या स्वतःच्या नावचं प्रतिज्ञापत्र करणार आहे. ते मला माझ्यापुढं करता येत नाही, म्हणून शेजारच्या वकीलबाईंसमोर उभी राहीन आणि शपथेवर सांगीन, की माझ्या सासऱ्यांनी मुक्ताला खोली दिली, हे मी माझ्या कानांनी ऐकलं. तारीख उद्याचीच घालीन. ते भाऊजी वाचतील, बिल्डर वाचेल, हेही वाचतील. त्यानं खोली वाचेल का? वकील म्हणून विचाराल तर बहुतेक नाही. घरात माझ्याशी कोण बोलेल, तेही मला ठाऊक नाही. पण चाळ पाडायला माणसं येतील तेव्हा मुक्ताच्या दारात मी बसलेली असेन. तिला उठवायचं तर आधी तुमच्या लेकांना मला उठवावं लागेल. एवढा शब्द मी तुम्हाला देते.

तुमची थोरली सून,
शैला