हळदीच्या अंगानं फायनल

॥ श्री ॥
सोलापूर, १८ फेब्रुवारी १९७४

चि. सौ. चांगुणास,
सिद्रामदादाचे अनेक आशीर्वाद. लग्न उरकून तुम्ही केमला सुखरूप पोचलात हे कळलं. इथं मात्र कुणाला चैन नाही. आपल्या ईश्वरवर कबड्डी संघटनेनं वर्षाची बंदी घातली. मुद्दाम अंगाला तेल लावून खेळला आणि वर पंचांना फसवलं, असा ठपका आहे.

तुला सगळं ठाऊकच आहे. फायनल नेमकी त्याच्या हळदीच्या दिवशी आली. तू चोळलेली तेलहळद लग्नाआधी धुवायची नाही असं आईनं बजावलं, म्हणून मी त्याला टॉवेलनं खसाखसा पुसला आणि सायकलवर डबलसीट मैदानावर नेला. नवरदेवाची लिंबू खोचलेली सुरी मॅचभर मीच हातात धरून ओरडत होतो. समोरच्या संघाच्या पकडी सुटत गेल्या, ढाल आपण जिंकली, आणि त्यांच्या गड्यांनी आपले पिवळे हात पंचांपुढं धरले.

काल चौकशी झाली. हळद मॅचनंतर लागली असं मी साक्षीत ठोकून दिलं. ईश्वरला विचारलं तर तो खाली बघत राहिला. थोरल्या भावाला चारचौघांत खोटा कसा पाडणार? संघटनेनं मग त्यालाच खोटा धरला.

गल्ली नुसती पेटली आहे. मोर्चा निघाला. पंचाच्या मेहुण्याच्या हॉटेलातला चहा आम्ही बंद केला, त्यानं माझंच डोकं दुखतंय. आमच्या मंडळाचा आप्पा तर चौकात शपथेवर सांगतो की हात त्यांनी घरून पिवळे करून आणले होते. नवी नवरी मायाक्का दिवसभर मंडळाच्या पोरांसाठी चहा उकळते.

अपील दहा मार्चला आहे. तू ये, आणि हळद संध्याकाळी लावली एवढंच सांग. करवलीचा शब्द मोडायची कुणाची टाप आहे? मुलांना गोड पापे. जीव टांगणीला आहे, लगेच लिही.

तुझा,
सिद्रामदादा

॥ श्री ॥
केम, २३ फेब्रुवारी १९७४

ती. सिद्रामदादास,
चांगुणाचा साष्टांग नमस्कार. विनंती विशेष. तुझं पत्र वाचून ह्यांना हसू आवरेना. सुरी घेऊन ओरडणारा माणूस पंचांनी मैदानात ठेवलाच कसा, असं विचारत होते. मला मात्र हसू आलं नाही.

मी येणार नाही. हळद सकाळी लावली, पाच सवाशिणींनी लावली, आणि तेल मी ओतलं, तेही वाटीभर. माझी नखं अजून पिवळी आहेत. ती घेऊन मी काय सांगू?

एवढं मोठं पत्र लिहिलंस, त्यात ईश्वर काय म्हणतो याची एक ओळ नाही. जेवतो का, झोपतो का? मायाक्कानं लिहवून पाठवलंय की तो मैदानाच्या वाटेनं जातच नाही, लांबून वळसा घालतो. उन्हाळ्यात जिल्ह्याचा संघ निवडणार, त्यासाठी त्यानं किती वर्षं माती खाल्ली हे तूच सांगायचास. मोर्चात त्याला कुणी नेलं होतं का? दादा, तुम्हाला ढाल हवी आहे. तो नसला तरी तुमचं चालेल असं दिसतंय.

लहान तोंडी मोठा घास झाला. तो तुझ्या मानाखातर गप्प बसला, आता तू त्याच्यासाठी बोल. राग आला तरी बहिणीवरची माया आटू देऊ नकोस.

तुझी,
चांगुणा

॥ श्री ॥
सोलापूर, १८ मार्च १९७४

चि. सौ. चांगुणास,
अनेक आशीर्वाद. तुझा राग फार आला. चार दिवस पत्र खिशात घेऊन फिरलो.

अपिलात उभा राहिलो. सांगितलं की पुसून न्यायची अक्कल माझी, खोटं बोललो तेही मीच, पोरगं माझ्या मानाखातर गप्प राहिलं. बंदी उठली. ढाल मात्र गेली. ती त्याच सायकलवरून, ईश्वरला डबलसीट घेऊन, आम्हीच त्यांच्याकडे पोचवली. गल्लीतून निघालो तर ओट्यावरची माणसं उठून आत गेली. संघटनेनं ईश्वरला माफ केलं, आपल्या मंडळानं नाही. आप्पानं दारात येऊन बजावलं, "आता आमच्यात खेळायचं न्हाय."

त्यांचा कप्तान रावजी ढाल घेताना ईश्वरला म्हणाला की रविवारी साधी मॅच आहे, आमच्याकडून ये. ईश्वरनं माझ्याकडं पाहिलं. मी म्हटलं, जा की.

काल ती मॅच झाली, आपल्याच मंडळाशी. समोरून आपलीच पोरं "हळद्या, हळद्या" ओरडत होती. महिनाभर ज्यांना शिव्या घातल्या त्यांच्यात मी बसलो होतो, कुणी नीट जागाही दिली नाही. कुणाच्या नावानं ओरडावं तेच कळेना. पहिल्या चढाईला निघताना ईश्वरनं मातीला हात लावला, कपाळाला लावला, आणि मग थांबून मी कुठं बसलोय ते गर्दीत शोधलं. मी हात वर केला. तेव्हाच तो गेला.

चांगुणा, ती मॅच कोण जिंकलं ते मला सांगता येणार नाही, मी नुसता ईश्वरकडं बघत होतो. मुलांना घेऊन ये. आहे तसा लोभ राहू दे.

तुझा,
सिद्रामदादा