पाटीवरची मोकळी जागा

दि. ३ ऑक्टोबर

प्रिय दादा,

नमस्कार. इकडे मी आणि आई ठीक आहोत. आईचा गुडघा जिना चढताना कुरकुरतो, पण ती त्याहून जास्त कुरकुरते, तेव्हा काळजीचं कारण नाही. तू दिलेला स्वेटर तिला खांद्यांत घट्ट होतो. हे तुला कळवायचं नाही असं तिने बजावलं आहे.

नव्या छापखान्यात कागद कापायचं मशीन मिळालं, की अजून घड्याच घालायला बसवतात? मागच्या दोन पत्रांना तुझं उत्तर नाही. तक्रार नाही, नुसती नोंद. हे पत्र मी तिसऱ्यांदा उतरवतो आहे. खाडाखोड केलेला कागद तू न वाचता परत द्यायचास, ते विसरलेलो नाही. नववीत माझी शाळा सुटली, ह्रस्व-दीर्घ पुढे तूच घोटून घेतलेस. तू शब्द कधी ऐकलेच नसल्यामुळे तुझ्या डोळ्यांतून एक वेलांटी सुटायची नाही. हातांच्या भाषेत मला नावही तूच ठेवलंस, कपाळावर वाकडं बोट: आठी. ती आता झोपेतही जात नाही असं आई म्हणते.

कार्यालय सुरू होऊन सहा महिने झाले. संघटनेतर्फे तू दिलेल्या आराखड्यातलं बरंच काही जसंच्या तसं आहे. तळमजला, दाराशी उतार, रुंद दारं, खुर्चीतून हात पोचेल अशा कड्या. फक्त पाटी बघवत नाही. रंगाऱ्याने आदेश यायच्या आधीच तुझ्या मसुद्यावरून 'अपंग व्यक्तींसाठी राज्य माहिती व पाठपुरावा कार्यालय' असं रंगवून ठेवलं होतं. आदेश आल्यावर 'व पाठपुरावा' एवढं खरवडून काढलं. मध्ये हातभर जागा मोकळी राहिली. येणारा प्रत्येक जण विचारतो, "इथलं काही पडलं का हो?" मी म्हणतो, "रंग वाळतोय." सहा महिने वाळतो आहे.

काम असं. माणूस येतो. मी नियम काढून त्याची प्रत देतो, अर्ज कुठे द्यायचा ते सांगतो आणि वहीत 'माहिती दिली' असं लिहितो. त्याच्या बाजूने कोणाला पत्र लिहिणं, सोबत जाणं, जाब विचारणं आमच्या अधिकारात नाही. ते सगळं त्या खरवडलेल्या दोन शब्दांत होतं. संध्याकाळी मान इतकी दुखते की वाटतं दिवसभर मी पोती उचलली.

गेल्या मंगळवारी शिवणकाम करणाऱ्या एक बाई आल्या, चौथ्यांदा. मुलगा आठ वर्षांचा, तुझ्यासारखाच जन्मापासून ऐकू न येणारा. शाळा घेत नाही. पहिल्यांदा मी त्यांना नियमाची प्रत दिली, तर शाळेने विचारलं, "हा कागद कुठून आणलात?" दुसऱ्यांदा शिक्का मारून दिली. तिसऱ्यांदा पुन्हा तीच. या वेळी मी कपाटाकडे वळलो तशा म्हणाल्या, "बसा भाऊ. तो नियम मला पाठ झालाय. म्हणून दाखवू?"

आणि म्हणून दाखवला, पोटकलमासकट.

"मी सांगितलं तर ते ऐकत नाहीत. तुम्ही सांगा ना एकदा."

"आम्हाला तसं करता येत नाही, ताई."

"मग तुम्ही कशाला आहात इथे?"

आवाज चढवला नाही त्यांनी. बाहीचं माप विचारावं तसं विचारलं. मी पोराला हातांनी त्याचं नाव विचारलं. त्याला प्रश्नच कळला नाही. त्याला अजून कोणी एक खूणसुद्धा शिकवलेली नाही. पण माझे हात खाली गेले तरी तो त्यांच्याकडेच बघत राहिला. मग मी वहीत लिहिलं, 'माहिती दिली'.

हे कार्यालय मागायला आपण दोघं सचिवांकडे गेलो होतो, आता त्या खोलीबद्दल लिहितो.

सचिव म्हणाले होते, "माहिती कार्यालय लगेच देतो. पाठपुराव्याचं पुढे बघू. एका सरकारी खात्याने दुसऱ्याला जाब विचारायचा, हे कुठे बसवू मी?" ते मी तुला हातांनी सांगितलं, नीट सांगितलं. तू उत्तर दिलंस. मी ते त्यांना सांगितलं. ते हसले, उठून तुझा हात हातात घेतला. जिन्यात तू विचारलंस, काय ठरलं? मी सांगितलं, विचार करतो म्हणाले.

दोन महिन्यांनी आदेश आला. त्यात 'संघटनेच्या प्रतिनिधीने संमती दर्शविल्यानुसार' असं होतं. त्या ओळीखाली बोट ठेवून तू माझ्याकडे पाहिलंस. मी म्हणालो, तू फार घाईने बोललास, हात नीट दिसले नाहीत, माझा समज चुकला. तू स्वतःच्या हातांकडे बघत बसलास.

मग तू संघटना सोडलीस, गावही सोडलंस. मी धरून चाललो की माझ्यावर चिडला आहेस. पण गेल्या महिन्यात आई तुझ्याकडे राहून आली आणि भाजी निवडता निवडता म्हणाली, "दादा फार सावकाश बोलतो रे आता. एकेक गोष्ट दोनदा करून दाखवतो. म्हणे माझे हात अस्पष्ट आहेत, लोकांचा घोळ होतो. तीस वर्षं मला त्याचं सगळं कळतंय, आणि आता हे काय खूळ?"

मी पाणी प्यायला उठलो आणि तसाच स्वयंपाकघरात उभा राहिलो.

दादा, तुझे हात स्पष्ट होते. मला सगळं कळलं होतं. तू म्हणालास, 'अर्धं नको. लोकांना नियम सापडतात, त्यांच्या बाजूने बोलणारं कोणी सापडत नाही. ते देणार नसाल तर काहीच नको. आम्ही पुन्हा येऊ.' 'पुन्हा येऊ' करताना तुझी दोन बोटं टेबलावरून चालत गेली आणि सचिवांच्या पेनाला थडकली. मी म्हणालो, "तो म्हणतो, सध्या एवढं मान्य आहे."

तू पुन्हा येणार म्हणजे मीही येणार. वडील गेल्यापासून मी तुझं तोंड होतो; दवाखान्यात, बँकेत, मग सहा वर्षं त्या खात्याच्या बाकांवर. मी दमलो होतो. पहिल्या दोन्ही वेळा हे पत्र मी इथेच संपवलं.

त्या दिवशी आत जायच्या आधी तू हात धुवायला गेला होतास तेव्हा सचिवांच्या मदतनिसाने मला विचारलं होतं, "शिक्षण किती? नववी? असू दे. कार्यालय झालं तर हातांची भाषा येणारा एक माणूस लागेलच." एवढंच. त्याने माझ्याकडे काही मागितलं नव्हतं. मी आपण होऊन दिलं.

वीस तारखेला आदेशाचा फेरविचार आहे. मी काल आमच्या कार्यालयाच्या प्रमुख मॅडमना सगळं लेखी दिलं, प्रत सोबत आहे. त्यांनी दोनदा वाचलं. म्हणाल्या, "हे वर पाठवलं तर तुमची खुर्ची राहीलच असं मी सांगू शकत नाही." मी म्हटलं, पाठवा. आज सकाळी गेलं. आईला अजून सांगितलेलं नाही.

त्या दिवशी संघटनेच्या बाजूने तू बोलायला हवंस. तुझ्याशिवाय त्यांच्यात कोणाला ते मांडता येत नाही, त्यांनीच मला तसं सांगितलं. दुभाषी म्हणून बहिऱ्या मुलांच्या शाळेतल्या एक बाई येतील, मी मध्ये नसेन. मी बाहेर बाकावर बसेन. शिवणकामवाल्या बाईंना मी मुलाला घेऊन यायला सांगितलं आहे. हातांनी बोलणारा मोठा माणूस त्याने अजून पाहिलेला नाही.

माझ्याशी नाही बोललास तरी चालेल. पण तिथे सावकाश बोलू नकोस, दादा. तुझ्या नेहमीच्या वेगाने बोल.

तुझं सगळं ज्याला कळत होतं तो,
आठी