बाबांनी चोरलेला दगड

होलब्रुक, ॲरिझोना
१४ जुलै १९८३

प्रिय आई,

मी मजेत आहे, काळजी करू नकोस. गाडी तापते, पण चालते. टोमॅटोंना पाणी तूच घालतेस, की शेजारच्या रसेलवर सोडलंस?

खरं सांगू? मी थेट इथे आलेच नाही. चार दिवस युटातल्या लाल कातळांमधून नुसती भटकत होते. एका पार्कात थांबायचं, दहा मिनिटांत पुन्हा गाडी सुरू. दगड परत गेला की तुझं ऑपरेशन, याचीच धास्ती. शेजारच्या सीटवर दगड, आणि कानात तुझं वाक्य, "तो जागेवर गेल्याशिवाय मी ऑपरेशन करून घेणार नाही."

आज शेवटी दगड झालेल्या झाडांच्या या रानात पोचले. रेंजरला म्हटलं, "वडिलांनी लग्नानंतरच्या सहलीत हा दगड इथून चोरला. तेव्हापासून आईच्या मागचं शुक्लकाष्ठ सुटत नाही."

तो हसला. "बाई, असे दगड रोज टपालाने परत येतात, माफीच्या चिठ्ठीसकट. दाखवा."

बाबांनी बुडाला चिकटवलेलं हिरवं कापड त्याने नखाने सोललं. त्याखाली इथल्याच फाट्यावरच्या दुकानाचं लेबल निघालं, दीड डॉलरचं.

"हा आमचा नाहीच," तो म्हणाला.

बाबांनी चोरी केली नव्हती, आई. विकत घेतला, आणि नव्या नवरीपुढे फुशारकी मारली! आणि तू तीस वर्षं त्या बिचाऱ्या दगडाला बोल लावलास.

फोनवरच सांगितलं असतं, पण दवाखान्याचं नाव काढलं की तू फोन ठेवतेस. सोमवारी मुकाट्याने दाखल हो. मी निघालेच आहे.

दगड परत आणतेय. तो खिडकीत त्याच्या जुन्या जागी ठेवायला मला जमणार नाही, त्यासाठी तूच हवीस.

तुझी भटकी
लोरेन