सगळ्यात वरचा कागद

प्रिय इला,

फोनवरही बोलता आलं असतं. पण तू आधी ‘बाबा, औषध घेतलंत का?’ विचारतेस, मी घेतलं म्हणतो, आणि बोलायचं ते राहून जातं. म्हणून हा कागद.

अ‍ॅशबर्नला आपल्या कुंपणामागे अजून एक डेटा सेंटर येतंय. जमीन उभी कापली आहे. वर काळपट माती, मग तांबडी, मग पिवळट, तळाशी दगड. तुझी केया मार्चच्या सुट्टीत आली तेव्हा तासभर खिडकीशीच होती. ‘आजोबा, धिस इज सो कूल!’ कॉलेजात शिकलेलं सगळं तिने मला ऐकवलं. सुरुवातीच्या पुरातत्त्वज्ञांना म्हणे साल सांगताच यायचं नाही. वरचं ते नंतरचं, खालचं ते आधीचं, एवढंच कळे. मधे शंभर वर्षं गेली की हजार, देव जाणे. आणि त्यांच्याही आधीची हौशी मंडळी तर नुसती उकरायची, सापडेल ते कपाटात लहानमोठं बघून मांडायची. ‘वस्तू मिळाल्या आजोबा, बट दे लॉस्ट द ऑर्डर.’ ती हसत होती. माझ्या हातातला चहा निवून गेला.

शाळेत मला कविता भराभर पाठ व्हायच्या, पण कडवी वरखाली व्हायची. गुरुजी कान धरून म्हणत, शब्द सगळे आहेत रे, कविता कुठाय? तेव्हापासून त्यांचा आवाज कानात आहे. आणि तुझ्या आईचाही. दुपारी डेटा सेंटरची घरघर भिंतीतून येते, आणि त्या घरघरीत ती एकच शब्द विचारते.

तुला ठाऊक आहे, पितृपक्षात ती तिच्या आईला पत्र लिहायची. तारीख नाही, गेलेल्या माणसाला तारखेचं काय काम, म्हणायची. लिहिलेला कागद पेटीत आधीच्यांवर ठेवून झाकण लावायची. मी कधी उघडली नाही पेटी. ती आपल्यातून गेल्यावर, फेब्रुवारीत उघडली. सगळे कागद एकदम पलंगावर ओतले, आणि जन्मभर इंजिनिअरकी केलेला माणूस, नीट लावायला बसलो. आकारानुसार. आखूड पांढरे एकीकडे, लांब पिवळे एकीकडे. मग वाचले.

एका पांढऱ्यावर आहे, ‘आई, ह्यांना मी माफ केलं.’ एका पिवळ्यावर आहे, ‘आई, खूप प्रयत्न केला, ह्यांना माफ करणं मला जमत नाही.’

मधे केव्हातरी तिने कागद बदलला. पांढऱ्यावरून पिवळ्यावर गेली की पिवळ्यावरून पांढऱ्यावर? ती लिहीत होती ती अडतीस वर्षं एका घरात राहून मला आठवत नाही.

कशाची माफी, हे तुला सांगितलेलं नाही. शहाऐंशी साली सोमवारी सकाळी मिरजेहून मामाचा फोन आला, तुझी आजी गेली. फोन मी घेतला. गुरुवारी आपला ग्रीन कार्डाचा इंटरव्ह्यू होता. तुझ्या आईला, पद्मिनीला, कळलं असतं तर ती त्याच दिवशी विमानात बसली असती आणि अर्ज बुडाला असता. मी बोललो नाही. गुरुवारी ती जरीची साडी नेसली, तुला निळा फ्रॉक घातला, साहेबाशी हसून बोलली. परतताना गाडीत गाणं गुणगुणली. शुक्रवारी मी सांगितलं. तिने फक्त ‘कधी?’ विचारलं. मी सोमवारी म्हणालो. तिने बोटांवर दिवस मोजले, आणि उठून ती साडी घडी करायला लागली. पुन्हा तो विषय तिने कधी काढला नाही.

गेल्या पितृपक्षात ती जर्सी सिटीला तुझ्याकडे होती. ती गेल्यावर तू म्हणालीस, आईने आजीला लिहिलेला एक लिफाफा माझ्या ड्रॉवरमध्ये आहे, उघडवत नाही. इला, तो सगळ्यात वरचा कागद. त्याच्यानंतर काही नाही. फोडू नकोस, वाचू नकोस, मला पाठवू तर मुळीच नकोस. खिडकीपाशी उजेडात धर आणि आतला कागद पांढरा आहे की पिवळा, तेवढं बघ. पांढरा असेल तर लगेच फोन कर. पिवळा असेल तरी कर; पण मग नुसतं औषध घेतलंत का, एवढंच विचार. मी घेतलं म्हणेन.

तुझाच,
बाबा