घोणशीच्या चित्राखालची टीप

अण्णा, तुम्हाला जाऊन पस्तीस वर्षं झाली आणि माझा राग अजून गेलेला नाही, हे आधीच सांगून टाकते. आज सकाळी भावाच्या नातीच्या पुस्तकात सापाचं चित्र दिसलं, त्याखाली बारीक टाइपात दोन ओळींची टीप, आणि माझा चहा तसाच निवून गेला. नात म्हणाली, आजी, काय झालं गं? काय सांगणार तिला?

नवऱ्यानं मला टाकली तेव्हा बाप म्हणून तुम्हीच मला कल्याणच्या छापखान्यात नेलंत. तुम्ही तिथले हेडकंपोझिटर. आधी वर्षभर छापून झालेले अक्षरांचे खिळे परत पेटीत ज्याच्या त्याच्या घरात टाकायला लावलेत, मग जुळवायला दिलेत. चित्राखालच्या टिपा माझ्याकडे आल्या, कारण तो टाइप बारीक आणि माझी नजर चांगली. "लोक पुस्तक वाचत नाहीत गं," तुम्ही म्हणायचात, "चित्र बघतात आणि त्याच्याखालची ओळ वाचतात. तिथं चुकायचं नाही." घरी कोपरला आळीतल्या बायका मला परत आलेली म्हणायच्या. छापखान्यात मला कुणी तसं म्हणत नव्हतं, तिथं टीप अडली की मला हाक यायची. ते काम मला किती हवं होतं, हे तुमच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं.

मग कल्याणच्या एका डॉक्टरांनी लिहिलेली ती पुस्तिका आली. स्वातंत्र्याला पाच-सहा वर्षं झाली असतील. आसपासच्या गावांत फुकट वाटायची, साप ओळखायचे कसे, चावला तर करायचं काय. मजकुराचं प्रूफ डॉक्टरांनी स्वतः तपासलं, पण चित्रांचे ब्लॉक, लाकडावर ठोकलेले जस्ताचे पत्रे, मुंबईहून उशिरा आले आणि ते घाईत म्हणाले, नंबरप्रमाणे लावून टाका. चार नंबरखाली टीप होती घोणस, अतिशय विषारी. पाच नंबरखाली डुरक्या घोणस, बिनविषारी. मी दोन्ही ब्लॉकांचे ठसे काढून बघते, तर ब्लॉक करणाऱ्यानं लाकडामागचे आकडेच अदलाबदल करून घातलेले. शेताच्या बांधावर वाढलेली मी, मला कुणी शिकवायला नको होतं. घोणशीच्या पाठीवर साखळीसारखे गोल ठिपके असतात, डुरक्याचे डाग फाटके आणि शेपूट आखूड. हातच्या काकणाला आरसा कशाला?

मी ठसे घेऊन तुमच्याकडे आले. तुम्ही चष्मासुद्धा वर केला नाहीत. "आकडा बघायचा, चित्र बघायचं नाही. या छापखान्यात असंच चालतं." मी म्हटलं, अण्णा, एकदा बघा तरी. तेव्हा तुम्ही सगळ्यांसमोर, अगदी मशीनवाल्यासमोर म्हणालात, "चौथी पास पोर तू. संसार धड जुळवता आला नाही आणि डॉक्टरांचं चुकलं म्हणून सांगतेस?" मशीनवाला हसला. मी जागेवर जाऊन आकड्याप्रमाणे लावलं. तुमच्या तोंडून ते वाक्य आलं म्हणून मला जास्त लागलं. आळीतल्या बायका बोलायच्या त्याचं काही नव्हतं.

पुस्तिका वाटून पंधरा दिवस झाले असतील. दुपारी डॉक्टर तरातरा आत आले, मागून मानपाड्याचा एक शेतकरी, हातात तोंडाला फडकं बांधलेलं मडकं. "तुमचे बुकान लिवलंय, याला इख नाय म्हून," तो शांतपणे म्हणाला. "दोन दिस घरान ठेवलाय. पोरा मडक्याशीच खेलत व्हती." आत घोणस होती. मालक बाहेर आले, म्हणाले, हे कुणी लावलं? आणि तुम्ही माझ्याकडे न बघता म्हणालात, "मुलीच्या हातून झालं. नवीन आहे."

नवीन? तीन वर्षं झाली होती मला तिथं. चोर सोडून संन्याशाला फाशी, ती अशी. संध्याकाळी मला कामावरून काढलं. त्या रात्री तुम्ही माझ्याच हातचं पिठलं दोनदा मागून घेतलंत आणि म्हणालात, "माझी नोकरी गेली असती तर घरात सहा माणसं खाणार काय?" ते खरंच होतं. आठवड्यानं माझ्यासाठी हिरवा खण आणलात. मी त्याची चोळी शिवली नाही. त्याचं फडकं केलं आणि तुमच्या डोळ्यांदेखत चूल पुसली. मग मी शिवणाचे क्लास घेतले, पापड लाटले, सगळं केलं, पण पुन्हा खिळ्याला हात लावला नाही. टिपा लावणारे हात होते हो माझे.

आता एक गोष्ट, जी मी आईलाही सांगितली नाही. तुम्ही मला बोललात त्यानंतर जेवायला गेलात. पान माझ्यासमोर होतं, अजून चौकटीत आवळलं नव्हतं. दोन ब्लॉक उचलून अदलाबदल करायला मला एक मिनिट लागलं असतं, आणि तुम्ही चित्र बघत नव्हतात, तुम्हाला कळलंही नसतं. मी ब्लॉकांवर हात ठेवला होता. मग काढून घेतला. मला वाटलं, छापू दे, डॉक्टर येऊ देत, सगळ्यांसमोर अण्णांना बोलू देत, जसे अण्णा मला बोलले. त्या मडक्याशी खेळणाऱ्या पोरांचा विचारसुद्धा माझ्या मनाला शिवला नाही. मुलीच्या हातून झालं, हे मालकांना तुम्ही खोटं म्हणून सांगितलंत, पण ते खरं होतं. तुम्ही असतात तर हे कागदावर उतरवायची माझी हिंमत झाली नसती.