दुबईच्या शेटला दाखवलेली पाच बोटं

रत्नागिरी, एप्रिल २००७

चि. निशिगंधास हरिश्चंद्रकाकाचे भरभरून आशीर्वाद.

आधी बातमी. दुबईने आपल्या सोसायटीचा आंबा घेतला! पहिल्या पाठवणीचा सौदा पक्का झाला, आणि तोही आपण मिळेल असं धरलंच नव्हतं अशा भावाने. खबर पारावरची नाही. तिथल्या अकबरशेटच्या पेढीवर कामाला असलेल्या आपल्या मालगुंडच्या तन्वीरने आज सकाळी स्वतः फोन करून सांगितली. असो. तुझी तब्येत कशी आहे? पुण्याच्या उन्हाने डोकं धरतं म्हणाली होतीस, ते थांबलं का? येणाऱ्याबरोबर कोकमाचं आगळ पाठवतो. तुझी काकी बरी आहे, मी बरा आहे, आणि आमचे अध्यक्ष धोंडूभाऊ तर इतके बरे आहेत की त्यांना आवरायला दोन माणसं लागतायत.

तुला ठाऊकच आहे, यंदा वाशीच्या दलालाकडे माल टाकायचा नाही हे मीच सोसायटीच्या गळी उतरवलं होतं. दुबईने नाही म्हटलं असतं तर गावाचा सगळा आंबा आढीत पिकून सडला असता आणि मला गावात तोंड दाखवायला जागा उरली नसती. म्हणून तर तुझ्याकडून स्लाइडा करून घेतल्या आणि तुझे नियम कागदावर उतरवून खिशात ठेवले: एका स्लाइडवर एकच चित्र, शब्द कमी, वाचून दाखवायचं नाही, बोलताना कॅमेऱ्यात बघायचं. बाय गो, नियम सोन्यासारखे होते. पण स्लाइडा कमिटीपुढे ठेवल्या आणि पहिलाच प्रश्न आला, अध्यक्षांचा फोटो कुठे आहे? (तू पहिल्या स्लाइडवर आंबा ठेवला होतास. आंबा हा काही पदाधिकारी नव्हे.) मग गणपती आला, अध्यक्ष आले, उपाध्यक्ष आले, खजिनदार लग्नातल्या फेट्यासह आले, आणि आंबा बिचारा पार शेवटच्या बाकावर जाऊन बसला.

मीटिंग एसटी स्टँडजवळच्या सायबर कॅफेत ठेवली. स्लाइडा आधीच मेलने दुबईला पाठवल्या होत्या. इथून मी ‘पुढे’ म्हणायचं आणि तिथे तन्वीरने पुढची स्लाइड काढायची, असं ठरलं होतं. पण माझं ‘पुढे’ दुबईला पोचायला इतका वेळ लागे की मी ते पुन्हा म्हणे, आणि मग तिकडे दोन्ही एकदम पोचत. परिणाम असा, की मी ‘साल पातळ, गर घट्ट, आत रेषा नावाला नाही’ म्हणत होतो तेव्हा शेट आपल्या खजिनदारांकडे बघत होते. ‘दिसतायत खरे तब्येतीने,’ ते म्हणाले. त्यातच धोंडूभाऊंना तुझा कॅमेऱ्यात बघायचा नियम आठवला. ते इतके जवळून बघू लागले की दुबईला बराच वेळ नुसती एक नाकपुडी दिसत होती, असं तन्वीर म्हणतो.

तेवढ्यात शेटनी विचारलं, ‘भाव बोला.’ आणि इथे घोळ झाला. शेजारच्या कॉम्प्युटरवर वाशीच्या दलालाचा माणूस, शिवा, पुतण्याचा निकाल बघायचं सोंग करून कान टवकारून बसला होता. (एप्रिलात कसला निकाल?) धोंडूभाऊंची हयात मुंबई-वाशीच्या बाजारात गेली, आणि तिथे आंब्याचा भाव तोंडाने बोलत नाहीत. दोघांच्या हातांवर रुमाल टाकायचा आणि आत बोटं धरून सौदा करायचा. भाऊंनी खांद्यावरचा टॉवेल काढला, वाफ घेतात तसा डोक्यावरून कॅमेऱ्यासकट पडद्यावर टाकला, आणि आत जाऊन पाच बोटं वर केली.

मग शेट असे हसले की स्पीकर थरथरला. मूळचे केळशीचे, तरुणपणी मुंबईच्या बाजारात घासलेले. ‘अरे, रुमाल टाकलास की काय! कितीक वर्सांनी बघतोय! बोल मग, कमी कर.’

मी टॉवेलात डोकं घातलं. एक बोट म्हणजे डझनाला शंभर; पाच ही नुसती सुरुवात, घ्यायचे तीनच असं आमचं ठरलेलं. भाऊंनी अंगठा मिटला. शेट म्हणाले, ‘अजून.’ भाऊंनी करंगळी मिटली. ‘अरे, ऐक ना जरा!’ भाऊंचं तिसरं बोटही गेलं. मी त्यांचं मनगट धरलं. आता उरलेलीही मिटणार, तेवढ्यात स्पीकरमधून आवाज आला, ‘कबूल! काय माणूस आहे, एक बोट हलवीना!’

आम्ही टॉवेलातून बाहेर आलो ते भूत बघितल्यासारखे. उलगडा आज तन्वीरने केला. तिकडचं चित्र पहिल्याच क्षणी अडकलं होतं. इथे भाऊ एकेक बोट मिटत होते, तिथे पाचच्या पाच ताठ. शेट पेढीवर सांगत सुटलेत की असा पक्का सौदागर आयुष्यात बघितला नाही. आणि धोंडूभाऊंचा त्यावर विश्वास बसलाय, हे त्याहून वाईट.

तुझ्या आईबाबांना नमस्कार सांग. जेवण वेळेवर घे.

तुझा,
हरिश्चंद्रकाका

ता. क. खरं काम हे. शेट खूश होऊन उरलेल्या मोसमाचा सौदा करायला स्वतः इथे येतो म्हणतायत, या हाताला हात लावायला. समोरासमोर चित्र अडकायचं नाही गो! तू त्यांना इंग्रजीत एक भारदस्त मेल टाक, की हल्ली समोरासमोर सौदा करणं मागासलेपणाचं समजतात, कॉम्प्युटरवरच बोलू. खाली तुझ्या कंपनीतला हुद्दा लिही, नसेल तर बनव.

ता. क. २. मेल टाकू नकोस. तन्वीरचा आत्ता पुन्हा फोन आला, शेट विमानात बसले. हे पत्र आजच पुण्याच्या एसटीच्या कंडक्टरकडे देतोय, मिळताच तूच रातराणीने निघून ये. धोंडूभाऊंच्या घरच्या सोनूवहिनी सकाळपासून त्यांच्याकडून सराव करून घेतायत. आत्तापर्यंत ‘अजून’ म्हटलं की चार बोटं टिकतात. शेट मुंबईतली कामं उरकून सोमवारी सकाळी बागेत पोचतील.